नॅरोगेज (अरुंद रुळांच्या रेल्वेच्या) वर्कशॉपचा डायोरामा म्हणजे छोटा देखावा, आतलं डिटेलिंग कसं करू?

एचओ म्हणजे १:८७ या मॉडेल रेल्वेच्या प्रमाणात नागपूरच्या मोतीबागसारखं रेल्वे वर्कशॉप करतोय, भिंती छप्पर झालं पण आत सगळं नवंकोरं खेळण्यासारखं दिसतंय, काय करू?

उत्तर १: भाऊ, आधी मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये जा, तेल न गंज नेमका कुठं साचतो ते इंजिनावर जवळून बघ. आणि रूळ ९ मिमीचेच घे, आपलं ७६२ मिमीचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) ८७ नं भागलं की ८.८ येतं, एन गेज या छोट्या मॉडेल रेल्वेचा ९ मिमीचा ट्रॅक बसतो.

उत्तर २: लेथखाली चुरा हवाच! मी ॲल्युमिनियमची तार कानशीनं घासून पातळ फेव्हिकॉलवर भुरभुरवली, एकदम खरी वाटते. वर्कबेंच १० मिमीपेक्षा उंच नको, माणूसच १९ मिमीचा असतो ना.

प्रश्नकर्ता: बेंच १४ चं झालंय, आजच कापतो.