सैन्यात एवढी शिस्त असूनही शांततेच्या काळात अपघात का होतात?

रानवाट: बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून विचारतो. सैन्यात प्रत्येक गोष्टीला नियम, चेकलिस्ट, तरी लढाई नसताना सरावात, मेंटेनन्समध्ये माणसं जातात आणि चौकशीत 'मानवी चूक' लिहून मोकळे होतात. वरच्या अधिकाऱ्याने, युनिटमधल्या वातावरणाने खरंच किती फरक पडतो? की कामच धोक्याचं म्हणून सोडून द्यायचं?

उत्तरवारा: सोडून अजिबात द्यायचं नाही. १९९४ चा अमेरिकेतल्या फेअरचाइल्ड तळावरचा बी-५२ अपघात बघा. एअर शोच्या सरावात पायलटने एवढं मोठं विमान अगदी खाली आणून जवळजवळ आडवं वळवलं आणि चौघे गेले. हा माणूस काही वर्षं उघडउघड नियम मोडत होता, सगळ्यांना माहीत होतं, पण कमांडर बदलत राहिले आणि प्रत्येकाने तोंडी समज देऊन सोडलं, कागदावर काही नाही, त्यामुळे नवीन येणाऱ्याला मागचं कळायचंच नाही. त्याचं उड्डाण बंद करा असं सांगणारा स्क्वाड्रन कमांडर होता, वरून नकार आला, मग आपल्या पोरांना त्याच्यासोबत पाठवायला नको म्हणून तो स्वतः बसायचा, आणि त्या दिवशीही तोच बसला होता. मला हे वाचून अजून राग येतो. नियम होते हो, पण साहेब काय चालवून घेतात त्यावरूनच खालची माणसं खरा नियम ओळखतात.

कागदीघोडा: दुसरी बाजू ब्रिटनच्या निमरॉड ह्या लष्करी विमानाची. २००६ मध्ये अफगाणिस्तानवर हवेत इंधन भरल्यावर आग लागली, १४ जण गेले. २००९ च्या चौकशी अहवालाच्या नावातच नेतृत्व, संस्कृती आणि प्राधान्यक्रम यांचं अपयश असं म्हटलंय. सुरक्षेची तपासणी झाली होती, पण विमान एवढी वर्षं उडतंय म्हणजे सुरक्षितच आहे हे आधीच धरून केलेली, नुसती खानापूर्ती. बजेट आणि मुदती सांभाळण्यात वरच्यांचं लक्ष गेलं.

रानवाट: पण मग ज्युनियरने सिनियरला टोकायचं का? हुकूम पाळणं हाच तर पाया आहे ना.

उत्तरवारा: टोकायचंच. विमानवाहू नौकेच्या डेकवर धोका दिसला की कोणीही, अगदी खालचा खलाशीसुद्धा, लँडिंग थांबवायला सांगू शकतो. थांबवल्यावर धोका नव्हता असं निघालं तर साहेब काय करतात ते महत्त्वाचं. एकदा झापलं की पुढच्या वेळी सगळे गप्प. मुद्दाम नियम मोडणाऱ्याला सोडू नका, पण चूक स्वतःहून सांगणाऱ्याला शिक्षा नको, ह्या दोन गोष्टींची गल्लत फार होते. ज्या युनिटमधून 'थोडक्यात वाचलो' असा एकही रिपोर्ट येत नाही त्याची मला जास्त भीती वाटते.

लाटांवर: झोपेचं पण लिहा कोणीतरी. २०१७ मध्ये अमेरिकन नौदलाच्या फिट्झगेराल्ड आणि जॉन मॅकेन ह्या दोन जहाजांच्या वेगवेगळ्या टकरींत मिळून १७ खलाशी गेले. फिट्झगेराल्डवर कॅप्टन केबिनमध्ये होता, समोर जहाज जवळ येतंय तरी ड्युटीवरच्या अधिकाऱ्याने त्याला बोलावलं नाही, स्पष्ट सूचना असूनही. थकवा दोन्हीकडे होता. त्यानंतर ड्युटीच्या पाळ्या शरीराच्या घड्याळाप्रमाणे लावायला लागले. अर्धवट झोपेत काम करणं म्हणजे मर्दुमकी असं वरचेच मिरवत असतील तर थकलोय हे सांगणार कोण?