हातात ११ हजारांची नोकरी धरावी, की भत्त्यावर तीन महिने काढून बरी नोकरी शोधावी?

निशिगंधा
माझ्या मावसभावाची चाकणची नोकरी दिवाळीनंतर गेली. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी होती. ऑर्डरी घटल्या आणि कॉन्ट्रॅक्टवरची पोरं एकदम कमी केली. तो सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर, पगार १९,०००, ईएसआय म्हणजे कामगार विम्याचा हप्ता कापला जायचा. आता एका गोदामात माल मोजायचं काम मिळतंय. बारा तासांची शिफ्ट, हातात ११,०००. घरचे म्हणतात, रिकामं बसण्यापेक्षा बरं. माझं स्पष्ट मत आहे की घेऊ नये.

नोकरी गेलेल्याला भत्ता देणारी ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा सरासरी पगाराच्या २५ टक्के मिळायचे, मार्च २०२० पासून ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस. म्हणजे त्याला महिन्याला साधारण ९,५०० बसतील. गोदामाच्या ११,००० मधून रोजचं पेट्रोल आणि बाहेरचं खाणं वजा केलं तर फरक उरतच नाही. आणि बारा तास उभं राहून आलेला मुलगा मुलाखतीला जाणार कधी? सहा महिन्यांनी पुढचा एचआर मागची सॅलरी स्लिप मागेल आणि ११ वर दोन वाढवून देईल. मशीनवरचा हात सुटेल तो वेगळाच.

पाटील_वाई
असहमत. तुम्ही दोन गोष्टी सांगितल्या नाहीत. हा भत्ता आयुष्यात एकदाच मिळतो. आणि नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी त्याचा हक्क सुरू होतो. तो पहिला महिना घरभाडं कोण देणार? भाऊ पंचविशीचा असेल. चाळिशीत दोन मुलं पदरात असताना कंपनी बंद पडली तर तेव्हा काय? आज अंगात ताकद आहे तर काम करावं आणि हा आधार राखून ठेवावा.

दुसरं म्हणजे रिकामपणाचं. आमच्या गावात दोन-दोन वर्षं 'चांगलं मिळालं की जाईन' म्हणत बसलेली मुलं मी बघतो. सुरुवातीला रोज अर्ज टाकतात, मग आठवड्याला एक, मग फक्त पारावर बसतात. त्यांना कुणी आळशी म्हटलं की मला राग येतो, पण सवय मोडते हे खरं आहे.

बेळगावचा_मराठा
आमच्याकडे कर्नाटकात युवा निधी आहे. पदवीधराला महिना ३,०००, डिप्लोमावाल्याला १,५००, नोकरी लागेपर्यंत किंवा दोन वर्षं. पास होऊन १८० दिवस नोकरी नसेल तरच. एवढ्या पैशात कुणी घरी बसून खात नाही हो. परीक्षेचे फॉर्म, पुण्याला मुलाखतीला जायचं एसटीचं भाडं, मोबाईलचा रिचार्ज, यातच संपतात. भत्त्याने माणूस आळशी होतो हे म्हणणाऱ्यांनी एकदा ३,००० मध्ये महिना काढून बघावा.

माणदेशी
महाराष्ट्राची रीत भत्त्याची नाही, कामाची आहे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरातली माणसं खडी फोडायला गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना (रोहयो) आली, १९७७ ला तिचा कायदा झाला. आजही पगारातून महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० व्यवसाय कर कापला जातो, तो मुळात रोहयोसाठीच लावलेला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या हातांना काम दिलं. आयता पैसा दिला नाही, म्हणून कुणाची मान खाली गेली नाही.

निशिगंधा
माणदेशी दादा, रोहयोबद्दल मलाही तितकाच आदर आहे. पण त्याच कायद्यात होतं की मागितल्यापासून १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. २००५ च्या केंद्राच्या कायद्यातही तेच आलं: पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, पुढे निम्मा. भत्त्याची टांगती तलवार होती म्हणून काम देणं सरकारला भाग होतं. माझं म्हणणं कारखान्यांनाही तसंच लागू आहे. हातात तीन महिन्यांचा आधार असेल तरच कामगार बारा तासांच्या ११,००० ला नाही म्हणू शकतो, आणि पुरेशी माणसं नाही म्हणाली तरच ठेकेदार दर वाढवतो. आज तो वाढवत नाही, कारण उद्या सकाळी गेटवर दुसरा कुणीतरी उभा असतो.

आणि 'आयता पैसा' तर मुळीच नाही. ०.७५ टक्के त्याच्या पगारातून गेले, ३.२५ टक्के मालकाने भरले. हा विमा आहे.

पाटील_वाई
विम्याचा मुद्दा मान्य. दर वाढण्याचा नाही. तुमच्या एका भावाच्या नकाराने गोदामाला काही फरक पडणार नाही, घरच्या किराण्याला मात्र पडेल. हा भार एकट्या पोराच्या खांद्यावर टाकू नका.

आयटीआय_फिटर
अवांतर, पण महत्त्वाचं. गैरवर्तनासाठी काढलेल्याला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला हा भत्ता नाही. काही ठेकेदार भरतीच्या दिवशीच कोऱ्या राजीनाम्यावर सही घेतात आणि नंतर 'स्वतःहून सोडली' अशी नोंद करतात. तिथून पुढे वाद. भावाकडे कामावरून कमी केल्याचं काही लेखी आहे का?

निशिगंधा
फक्त सुपरवायझरचा व्हॉट्सॲप मेसेज आहे, 'सोमवारपासून येऊ नका' असा.

आयटीआय_फिटर
तो डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढा, ठेकेदाराला ईमेलवर कारण विचारा आणि ईएसआयच्या शाखेत पगाराच्या स्लिपा घेऊन जा. गोदामाला हो-नाही त्यानंतर कळवा.