नव्या गाडीचं पहिलं ऑइल 500 वर बदलू की थांबू?

125 सीसी बाईक, मीटर 480 किमी. ऑइल काळपट दिसतंय. पुस्तिकेत 500 ते 750 किमी किंवा 60 दिवस लिहिलंय. गाडी रोज नागपुरात बर्डीच्या (सीताबर्डी बाजार) गर्दीतच चालते.

↳ भाऊ, रंगावर जाऊ नका. किमी किंवा दिवस, जे आधी भरेल ते धरा. तुमचं 500 ला करून टाका. नव्या इंजिनात पिस्टन रिंगा आणि गिअर एकमेकांवर बसताना धातूचा बारीक चुरा सुटतो, तो ऑइलमध्येच फिरतो. त्यात सिग्नलवर उभी गाडी किमी न वाढवता तापते, आणि नागपूरचा मे महिना तर विचारूच नका! निथळलेल्या ऑइलमध्ये राखाडी चमक चालेल. नखाला लागतील असे तुकडे निघाले तर ऑइल फेकू नका, सर्व्हिस सेंटरला दाखवा.

↳ ऑइलची ग्रेड पुस्तिकेतलीच, डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (JASO MA/MA2, बाईकच्या ऑइलचं मानक) हवं. कारचं ऑइल ओतलं तर क्लच घसरू शकतो, कारण क्लच प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात.

↳ इंजिन कोमट असताना काढा. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा टाका, बोल्ट आवळताना जोर नको. ॲल्युमिनियमचे आटे गेले की खर्च आलाच. ऑइल किती भरायचं याचे पुस्तिकेत दोन आकडे असतात: इंजिन उघडल्यावरचा आणि नुसतं ऑइल बदलतानाचा. दुसरा, कमी असलेला घ्या. मग इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून, बंद करून, थोडं थांबून मेन स्टँडवर ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) बघा. साइड स्टँडवर माप चुकतं.