मदत हवी आहे: दोघांची नोकरी, थोरलीचा आयटीआयएन (फक्त करापुरता क्रमांक), 2024 चा फेडरल टॅक्स 4,894 डॉलर भरायचा निघतोय

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत असतो. मी एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, बायकोला एच-4 ईएडी, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर नोकरीची परवानगी. 2024 च्या सुरुवातीला मी नोकरी बदलली आणि तिलाही नोकरी लागली, इकडे आल्यापासूनची पहिलीच. मुली दोन. नऊ वर्षांची थोरली पुण्यात जन्मली, तिचा आयटीआयएन आहे. चार वर्षांची धाकटी इथली, तिला एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) आहे.

काल रात्री रिटर्न भरताना सॉफ्टवेअरने एवढी बाकी दाखवली आणि पोटात गोळाच आला. मग वही घेऊन हाताने हिशेब केला. डब्ल्यू-2 च्या (कंपनीने दिलेल्या वार्षिक पगार-कर दाखल्याच्या) पहिल्या चौकटीत माझे 1,04,000, तिचे 24,500, बँकेचं व्याज 700. एकूण 1,29,200. त्यातून स्टँडर्ड डिडक्शनचे (सरसकट वजावटीचे) 29,200 गेले की बरोबर 1,00,000 उरतात. पहिल्या 23,200 वर 10 टक्के म्हणजे 2,320. तिथून 94,300 पर्यंत 12 टक्क्यांनी 8,532. वरच्या 5,700 वर 22 टक्क्यांनी 1,254. कर झाला 12,106.

आता करातून थेट वजा होणारी क्रेडिट्स. धाकटीचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट 2,000. थोरलीला एसएसएन नाही म्हणून फक्त 500. पाळणाघर आणि शाळेनंतरचा वर्ग मिळून दोघींचा खर्च क्रेडिटसाठी 6,000 पर्यंत धरतात, पण त्यातले 5,000 माझ्या डिपेंडंट केअर एफएसएतून (पगारातून करमुक्त बाजूला काढलेल्या पैशांतून) आधीच गेले. राहिलेल्या 1,000 चे 20 टक्के, 200. देणं 9,406. कापले गेलेत 4,512, तेही सगळे माझ्याच पगारातून. तिच्या डब्ल्यू-2 वर फेडरल टॅक्सच्या चौकटीत शून्य आहे.

चूक सापडली. दोघांनीही डब्ल्यू-4 वर (पगारातून किती कर कापायचा ते कंपनीला सांगणाऱ्या फॉर्मवर) 'मॅरिड फायलिंग जॉइंटली', म्हणजे नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न, असं लिहिलं आणि दोन नोकऱ्यांची चौकट कोरी ठेवली, त्यामुळे दोन्ही कंपन्यांनी पूर्ण 29,200 ची सूट धरली. शिवाय मी मुलींच्या क्रेडिटचे 4,000 लिहिले होते, 2,500 लिहायला हवे होते.

बायको म्हणाली, "माझा पगार टॅक्समध्येच जाणार असेल तर मी घरीच बसते." ते ऐकून फार वाईट वाटलं. तिच्या 24,500 वर खरा जादा फेडरल कर 3,510 आहे, तो वेळच्या वेळी कापला गेला नाही एवढंच.

आता विचारायचंय ते असं. 2023 चा आमचा एकूण कर 5,480 होता. दंड टळायला त्याच्या 100 टक्के किंवा 2024 च्या कराच्या 90 टक्के वेळेत भरले जायला हवे होते, आणि दोन्हीत आम्ही बसत नाही. दंड रिटर्नसोबतच भरलात की आयआरएसच्या (फेडरल कर खात्याच्या) पत्राची वाट पाहिलीत?

पुढच्यासाठी दोन नोकऱ्यांच्या चौकटीवर खूण केली तर आमच्या पगारांत एवढी तफावत असताना फारच जास्त कापलं जाईल. त्यापेक्षा मी माझ्या डब्ल्यू-4 मध्ये 4(सी)ला दर पगारामागे ठरावीक जादा रक्कम लिहावी का? ते 3,510 वर्षाच्या 26 पगारांत वाटले तर प्रत्येकी 135 येतात, पण यंदाचे सहा पगार होऊनही गेले.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: तिच्या कंपनीत 401(के), म्हणजे कंपनीची निवृत्ती योजना, नाही. 15 एप्रिल 2025 च्या आत तिच्या नावे ट्रॅडिशनल आयआरएत (स्वतःच्या निवृत्ती खात्यात) 7,000 टाकले तर माझ्या हिशेबाने 1,410 वाचतात. मला कंपनीचा 401(के) असला तरी तिला पूर्ण वजावट मिळते ना? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा, पैसे भारतातल्या एफडीतून आणावे लागणार आहेत.