करार सरकारचा, जमीन देताना मात्र संसद

कुणी म्हणतं की परदेशांशी केलेल्या प्रत्येक कराराला अमेरिकेच्या सिनेटसारखी आपल्याकडेही संसदेची मंजुरी लागते. तसं नाही. करार करणं हा राज्यघटनेतल्या केंद्र सूचीतला (केंद्राच्या अखत्यारीतल्या विषयांची यादी) १४वा विषय, पण त्याची पद्धत ठरवणारा कायदा संसदेने कधी केलाच नाही. त्यामुळे कलम ७३खाली, म्हणजे आपल्या कार्यकारी अधिकारात, सरकारच सही आणि अनुसमर्थन (कराराला अंतिम मान्यता) दोन्ही उरकतं. करारासाठी देशातला कायदा बदलायचा असेल, तर कलम २५३खाली संसदेने कायदा करायचा.

जमीन द्यायची असेल तर मात्र गाडी अडते. बेरुबारी हा पश्चिम बंगालमधला भाग पाकिस्तानशी वाटून घेण्याच्या प्रकरणात (१९६०) सर्वोच्च न्यायालयाने घटनादुरुस्तीच हवी म्हटलं. म्हणजे दोन्ही सभागृहांत हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश, शिवाय एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक. बांगलादेशाशी १९७४ साली झालेला सीमाकरार २०१५च्या १००व्या दुरुस्तीपर्यंत लटकला, त्याचं हे एक मोठं कारण. तेव्हा कुठे १११ छिटमहल (दुसऱ्या देशाने वेढलेले भूभाग) तिकडे गेले, ५१ इकडे आले. कच्छच्या रणाचा काही भाग पाकिस्तानकडे जाताना १९६९मध्ये ही अट लागली नाही, कारण ती म्हणे नुसती सीमेची आखणी! सरकारला सोयीचाच फरक.

आणि २००८ साली लोकसभेत २७५ विरुद्ध २५६ मतं पडली ती मनमोहन सिंग सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर, अमेरिकेशी झालेल्या अणुकरारावर नव्हे.