मदत हवी आहे: पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी स्वयंपाकघरातले प्रयोग (आणि भेंडीचा एक प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापुरात, राजारामपुरीत राहतो. दिवाळीच्या सुट्टीत अपार्टमेंटमधली पोरं आमच्याकडं जमतात आणि ओट्यावरच्या वस्तू घेऊन आम्ही प्रयोग करतो. गॅस नाही, सुरी नाही, एवढं पथ्य.

सगळ्यात रंगला हळदीचा प्रयोग. हळद पाण्यात कालवून कागदावर फासली, कागद वाळवला. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बोट बुडवून पोरांनी त्यावर चित्रं काढली. पाणी लागेल तिथं कागद तांबूस झाला, वर लिंबू पिळल्यावर परत पिवळा! हळदीतलं कुरक्युमिन अल्कलीत लालसर होतं, आम्लात पिवळं राहतं. हळदीचं कुंकू होतं तेही याच गुणामुळं. चुन्यानं रंग जास्त खुलतो, पण डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून तो मुलांच्या हाती देत नाही. जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणीही छान: लिंबानं लालगुलाबी, सोड्यानं हिरवट.

अडचण पुढं येते. "काकू, लाल रंग आला कुठनं?" याला मला 'जादू' असं उत्तर द्यायचं नाही, आणि रेणू-बिणू त्या वयाला झेपत नाहीत. तुम्ही काय सांगता? खोटं नको, पण मुलाला पुढचा प्रश्न सुचावा असं काहीतरी.

दुसरं भेंडीचं. सुट्टीतच पोरांना गुऱ्हाळ दाखवायला न्यायचं आहे. काहिलीत रस तापत असताना त्यात भेंडीचं पाणी घालतात. त्या चिकट पाण्यात रसातला बारीक कचरा गोळा होतो, मळी वर येते आणि ती काढून टाकतात. हे तिथं जायच्या आधी घरी थंड पाण्यात दाखवावं असं वाटतं. किल्ल्याची उरलेली माती आहेच. गढूळ पाण्याचे दोन ग्लास, एकात भेंडीचं पाणी, दुसरा तसाच. आधी पोरांनी अंदाज करायचा, कुठला लवकर निवळेल. इथं गाळ वर न येता खाली बसेल, हा फरकही बोलायला चांगला आहे. तुरटीनं पाणी निवळतं हे ठाऊक आहे, पण मला गुऱ्हाळातलीच वस्तू हवी.

कुणी करून बघितलंय का? भेंडी चेचून किती वेळ भिजवायची, ग्लासाला किती चमचे घालायचं? जास्त झालं तर पाणीच बुळबुळीत होऊन माती तरंगत राहील का? आणि बाजारातली नेहमीची भेंडी चालेल, की रानभेंडीच शोधावी लागेल?