जुन्या क्रोनोग्राफची तबकडी रंगवून घ्यावी का?

तिसरा काटा

माझं मत आधीच सांगतो. जुन्या क्रोनोग्राफचं, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या मनगटी घड्याळाचं, मशीन हवं तेवढ्या वेळा उघडा, धुवा, तेल घाला, झिजलेलं चाक बदला. तबकडीला मात्र हात लावू नका. डाग पडलेला असो, रंग उडालेला असो, राहू द्या.

हे बोलायला कारण घडलंय. काकांचं सेको ६१३९ हे जपानी क्रोनोग्राफ माझ्याकडे आलं. कुवेतला नोकरीत असताना त्यांनी घेतलेलं. मागच्या झाकणावरचा क्रमांक ३ आणि ५ ने सुरू होतो. सेकोच्या तेव्हाच्या पद्धतीत पहिला आकडा सालाचा शेवटचा आणि दुसरा महिन्याचा, म्हणजे हे मे १९७३ चं. पिवळी तबकडी, निळा-लाल कडा. अशाच पिवळ्या तबकडीचं ६१३९ अमेरिकन अंतराळवीर विल्यम पोग यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावर नेलं आणि ८४ दिवस अंतराळात वापरलं. काकांना हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी ते फक्त त्यांचं घड्याळ होतं. ६१३९ ला सतत फिरणारा वेगळा सेकंदकाटा नाही, मधला लांब काटा वरचं बटण दाबल्यावरच निघतो. तो थांबलेला त्यांना बघवायचा नाही, म्हणून ते क्रोनोग्राफ कायम चालू ठेवायचे.

सर्व्हिसिंगला दिलं तेव्हा सहाच्या बाजूला तपकिरी डाग होता आणि कडेचा पिवळा फिकटलेला होता. परत आलं ते लिंबासारखं पिवळंधमक. मला न विचारता तबकडी रंगवली होती. "नवं करून दिलंय," असं सांगितलं. मिनिटांच्या रेघा तासांच्या पट्ट्यांसमोर येत नाहीत, अक्षरं जाड झालीत आणि तबकडीच्या तळाशी असणारा बारीक क्रमांक गायब आहे. मशीन उत्तम चालतंय. पण मी ते तीन महिने हातात घातलेलं नाही.

पावसाळी

न विचारता रंगवलं हे चूकच. त्याबद्दल वाईट वाटलं. पण त्यावरून तुम्ही सगळ्यांसाठी जो नियम काढलाय तो मला मान्य नाही.

माझे वडील रत्नागिरीला होते. त्यांचं स्विस क्रोनोग्राफ, आत वॅल्जू ७७३३ हे मशीन, कोकणातल्या पावसात पंचवीस वर्षं कपाटात पडून होतं. उघडलं तेव्हा तबकडीवर बुरशीचे काळे फोड आले होते आणि मिनिटं मोजणारी छोटी तबकडी वाचताच येत नव्हती. क्रोनोग्राफ म्हणजे वेळ मोजायचं यंत्र ना? जे वाचताच येत नाही त्याने मोजायचं काय? मी रंगवून घेतली आणि आज रोज घालते. तुमच्या नियमाने ते अजून कपाटातच असतं.

शिवाय आहे तसं ठेवण्याचा हा आग्रह संग्राहकांचा आहे, घड्याळं बनवणाऱ्यांचा कधीच नव्हता. ओमेगा, रोलेक्सच्या सर्व्हिस सेंटरांनी वर्षानुवर्षं अंधारात चमकणाऱ्या ट्रिटियमच्या तबकड्या आणि काटे काढून नवे बसवले. गिऱ्हाइकाला तेच हवं असायचं.

दोन बटणं

पावसाळी ताई, कंपन्यांनी केलं म्हणून ते बरोबर ठरत नाही. तेव्हा कोणाला कल्पना नव्हती, एवढंच.

तबकडी म्हणजे काय हे रोलेक्सच्या डेटोना या क्रोनोग्राफवरून बघा. साधी तबकडी आणि अभिनेते पॉल न्यूमन यांच्या नावाने ओळखली जाणारी 'पॉल न्यूमन' तबकडी, आत मशीन एकच, वॅल्जू ७२ च्या घराण्यातलं. ती वेगळी तबकडी त्या काळी दुकानात पडून राहायची. आज फरक सगळा तिचाच. खुद्द न्यूमन यांचं घड्याळ २०१७ मध्ये न्यूयॉर्कला पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. त्यात मालकाच्या नावाचा वाटा मोठा, पण ती तबकडी कोणी पुन्हा रंगवली असती तर ते नाव तरी कशावर टिकलं असतं?

आणि आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे. परदेशी संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात ते कशाला, ते आपल्याला ठाऊक आहे. कारखान्याने कधीच न काढलेले रंग, ठोकळेबाज अक्षरं, काटे भलत्याच घड्याळाचे. चोरबाजारात मीही असं एक घेऊन बसलो होतो. चांगली जुनी घड्याळं अशीच संपली.

भिंगवाला

मी दुरुस्तीच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'मुंबई स्पेशल' हा शब्द मला लागतो. ज्या काळात आपल्याकडे सुटे भाग आयात करणं जवळजवळ अशक्य होतं, त्या काळात तीन मेलेल्या घड्याळांतून एक चालतं घड्याळ उभं करणारी ही माणसं होती. मुनीम, कंडक्टर, शाळामास्तर यांना वेळ दाखवणारं घड्याळ हवं होतं, वस्तुसंग्रहालय नको होतं. रंगवलेलं घड्याळ अस्सल म्हणून विकणं ही फसवणूक आहे. ती व्यापाऱ्याची, ब्रश धरणाऱ्याची नाही.

दुसरं असं की तुम्ही सगळे तबकडीवर भांडताय आणि खरा घात आत होतो. चालू क्रोनोग्राफमध्ये तेल सुकलं तरी ते चालतच राहतं, म्हणून माणूस सर्व्हिसिंग पुढे ढकलतो. तोवर आसांची टोकं झिजतात. बटणांचं तर विचारू नका. लँडेरॉन ४८ या मशीनमध्ये वरच्या बटणाने फक्त सुरू होतं; थांबवायचं आणि शून्यावर आणायचं दोन्ही खालच्या बटणाने. बाकी बहुतेक घड्याळांत वरच्यानेच सुरू आणि बंद. लोक सवयीने वरचं बटण दाबत राहतात, थांबत नाही म्हणून आणखी जोरात दाबतात, आणि मग माझ्याकडे येतात. अशा घड्याळाची तबकडी कितीही अस्सल असो, तिच्या मागे वाकलेला लीव्हर असतो.

एका बाबतीत मी तिसरा काटा यांच्या बाजूने आहे. जुन्या रेडियमच्या तबकड्या कोणी खरवडू नका, घरी तर नाहीच. रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. चमक गेली ती त्यातला चमकणारा पदार्थ, फॉस्फर, जळाल्यामुळे, किरणोत्सर्ग तसाच आहे. ती धूळ छातीत जाणं सगळ्यात वाईट.

तुमच्या ६१३९ चं म्हणाल, तर मार्ग आहे. मेलेल्या ६१३९ मधली अस्सल पिवळी तबकडी मिळते. दोन-चार महिने थांबायची तयारी हवी. क्रमांक आणि काळ जुळवून बसवून देईन.

दोन बटणं

भिंगवाला साहेब, हा उत्तम तोडगा. तिसरा काटा, लगेच घ्या.

पावसाळी

थांबा. आता मला खरंच विचारायचंय. दुसऱ्या घड्याळाची अस्सल तबकडी काकांच्या घड्याळात बसवली, की ते अस्सल झालं?

२०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाचं एक जुनं स्पीडमास्टर ३१ लाख फ्रँकना गेलं. तबकडी उन्हाने तपकिरी झालेली, सगळे त्याच रंगावर भाळले. २०२३ मध्ये ओमेगानेच सांगितलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभं केलेलं होतं. अस्सल, न रंगवलेलं हवं, या हट्टापायी झालं ते. माझ्या वडिलांची तबकडी रंगवलेली आहे, पण पत्रा त्यांचाच आहे. त्यावरचे पाय, भोकं, सगळं त्यांच्या घड्याळाचं. तुम्ही आणाल ती तबकडी दुसऱ्या कोणाच्या तरी मनगटावर म्हातारी झालेली असेल.

भिंगवाला

ताई, विकायचं असेल तर हा प्रश्न आहे. ठेवायचं असेल तर मालकाने ठरवावं. मी बिलावर तबकडी बदलल्याचं लिहून देतो. नेहमीच देतो.

तिसरा काटा

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण ताईंच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझं मूळ मत बदललेलं नाही. बुरशीने खाल्लेली, वाचताच न येणारी तबकडी हा अपवाद मान्य करतो, तो आधीच लिहायला हवा होता. पण डाग आहे म्हणून, फिकट झाली म्हणून रंगवणं हे मला अजूनही पुसून टाकणंच वाटतं. तो तपकिरी डाग मी लहानपणापासून पाहिलेला होता. त्यावरून काकांचं घड्याळ शंभरांत ओळखलं असतं.

मात्र दुसऱ्याची तबकडी मला नको. तिच्यावर डाग असलाच तर तो दुसऱ्या कोणाचा. भिंगवाला, तुमचे आभार, पण तुमच्याकडे दुसऱ्या कामासाठी येतो: मिनिटांचा छोटा काटा शून्यावर नीट येत नाही, अर्धी रेघ पुढे थांबतो. तेवढं करून द्या. पिवळी तबकडी आहे तशी राहू दे. काल रात्री चावी ओढून काटे फिरवून वेळ लावली, घड्याळ दोन-चार वेळा हलवलं आणि वरचं बटण दाबलं. आज सकाळी ऑफिसला घालून आलोय. लांब काटा फिरतोय.